भिंगातली पंगत

आमच्या शेजारचे मन्मथअप्पा टीव्ही भिंगानं बघतात. डोळे अधू आहेत म्हणून म्हणाल, तर तसं काही नाही. गल्लीच्या तोंडाशी टँकर वळला की तो कुणाचा, हे आमच्या आधी अप्पाच सांगतात. त्यांची रीतच तशी. स्टूल टीव्हीला चिकटवायचं, एक डोळा मिटायचा, आणि काळ्या दांड्याचं जाड भिंग पडद्यावरच्या, कुठल्यातरी लग्नातल्या अनोळखी बाईच्या तोंडावर धरायचं. मग मागं न वळता विचारायचं, "आदीपेक्षा साफ दिसायलंय का? खरं सांगा. तोंडदेखलं बोलू नका."

मागं कोणी ना कोणी बसलेलं असतंच. माझं दुखणं तिथंच आहे.

सांगूनच टाकतो. मी अप्पांवर जळतो. चार वर्षांपूर्वी नांदेडची नोकरी संपवून लातूरला हे घर घेतलं, तेव्हापासून नेमानं जळतो. मी विज्ञानाचा मास्तर. प्रकाश, भिंगं, डोळा हे धडे मी इतकी वर्षं शिकवले की झोपेतसुद्धा फळ्यावर किरणाकृती काढीन. वाटलं होतं, कॉलनीत कुणाला काही अडलं तर 'वाघमारे सरांना विचारा' असं होईल. झालं भलतंच. कुणाचा मोबाईल बंद पडला, अप्पांना विचारा. चष्म्याचा नंबर वाढला, अप्पांना विचारा. एकदा ग्रहण कसं बघायचं हेही लोक अप्पांना विचारून आले. अप्पा दहावीला विज्ञानातच गचकलेले. तेही ते हसत सांगतात आणि लोक हसत ऐकतात.

अप्पा म्हणजे पूर्वीचे लग्नाचे शूटिंगवाले. औसा, निलंगा, रेणापूर, सगळीकडची लग्नं त्यांनी खांद्यावर कॅमेरा घेऊन टिपली. तेव्हा मोठ्या कॅसेटी होत्या. गिऱ्हाइकाला एक द्यायची आणि एक आपल्याकडं ठेवायची, हा त्यांचा नेम. पुढं सगळ्या कॅसेटींच्या त्यांनी डिस्क करून घेतल्या. नंतर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, दुकान मोडलं, मुलं हैदराबादला गेली. घरात अप्पा, काकू आणि शे-दोनशे लग्नं राहिली.

ही लग्नं बघायला लोक येतात. नवराबायको आता एकमेकांचं तोंड बघत नसतील, पण अप्पांकडं येऊन लग्न बघतात. काकू चुरमुऱ्यांची सुशीला करतात, लिंबू पिळून. आमची सौ. सुमन घरात मला भाजीला मीठ बेताचं घालते आणि तिकडं जाऊन सुशीला दोनदा घेते. मी विचारलं तर म्हणते, "तुम्ही बी चला की. कोण अडवलंय?" मी जातोच. न जाऊन सांगतो कुणाला.

एकदा मी त्यांच्या टीव्हीतला दोष काढला. जुनी डिस्क चौकोनी चित्राची आणि टीव्ही आडवा लांब. त्यामुळं सगळं वऱ्हाड ताणून रुंद दिसायचं. नवरी तांदळाच्या पोत्यासारखी आणि घोडा म्हशीसारखा. मी रिमोट मागून घेतला आणि चित्र मूळ मापाचं केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले, माणसं बारीक झाली. मला वाटलं, आता तरी कोणी 'वा सर' म्हणेल. तर कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "आमच्या सासूबाई कशा भरल्यावानी दिसायल्या होत्या. कशाला वाळवलाव त्यांना?" अप्पांनी गुपचूप रिमोट घेऊन सासूबाईंना पुन्हा जाड केलं. मला म्हणाले, "सर, बारीक करून द्या म्हणून माझ्याकडं आजपतुर कोणी आलं न्हाई."

मग मी पंचावन्न इंची टीव्ही घेतला. फोर-के. खोलीत मावेना म्हणून कपाट हलवावं लागलं. कॉलनीला पेढे वाटले आणि सगळ्यांना बोलावलं. सगळे आले, अप्पाही आले, आणि येताना एक डिस्क घेऊन आले. मी माझा जुना प्लेअर जोडला. काय सांगू. अप्पांच्या बत्तीस इंचीवर जी नवरी बरी दिसायची, ती माझ्या पंचावन्न इंचीवर फरशीच्या तुकड्यांची केल्यासारखी दिसायला लागली. नाकाच्या जागी तीन चौकोन.  अप्पांनी भिंगसुद्धा काढलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टीव्ही लई झकास हाय, सर. पन बारक्या चित्राला झेपंना."

चित्राला झेपंना. त्या वाक्यानं मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

अप्पांचा एक छंद मात्र मला खटकायचा. एका ठरावीक डिस्कवर ते पुन्हा पुन्हा यायचे. किल्लारीच्या बाजूच्या एका गावातलं लग्न. त्यात बायकांची पंगत येते. पुरुषांची पंगत चांगली पाच मिनिटं चालते, एकेकाचं तोंड, एकेकाच्या मिशा. बायकांची पंगत मात्र आली न आली तोच संपते. अप्पा तेवढीच तीन सेकंदं मागं घ्यायचे, पुढं न्यायचे, थांबवायचे आणि भिंग धरायचे. मी सुमनला म्हणालो, "या वयात बायकांची पंगत भिंगानं बघणं शोभतं का?" ती म्हणाली, "तुमच्या मनात काय काय येतं हो." आणि ताट आपटून आत गेली. हे बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मागच्या हिवाळ्यात अप्पा सकाळीच दारात. "सर, अपस्केल म्हंजी काय वो?"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. मी खुर्ची पुढं ओढली. सांगितलं, "तुमच्या डिस्कमधलं चित्र ठिपक्यांचं असतं. ठिपके थोडे. टीव्हीत ठिपक्यांच्या जागा लई जास्त. मग मधल्या रिकाम्या जागा यंत्र अंदाजानं भरतं. एक शेजारी काळा, दुसरा पांढरा, तर मधला करडा असणार. याला अपस्केल म्हणतात. हा निव्वळ अंदाज. कॅमेऱ्यानं जे टिपलं नाही ते यंत्र आणणार कुठून?"

अप्पा विचार करून म्हणाले, "अंदाज का असंना. शेजारी बघून करतंय न्हवं."

"अप्पा, पंगत वाढली म्हणून वरणात पाणी ओतलं. वरण वाढलं का?"

"वाढतंय की," अप्पा म्हणाले. "शेवटच्या मानसापतुर पोचतंय."

 वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं.

अपस्केल करणारा डीव्हीडी प्लेअर लातुरात कुठंच मिळेना. दुकानदार हसायचे. शेवटी मीच म्हणालो, नांदेडला वजिराबादेत एक जुना दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. एसटीनं निघालो. अप्पांनी डिस्क पिशवीत ठेवली नाही, छातीशी धरून बसले. लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी चहाला उतरलो, ते उतरले नाहीत. मी मात्र खुशीत होतो. नांदेड माझं गाव, ओळख माझी, जाणकार मी.

दुकानात पाच मिनिटं माझी चलती होती. सहाव्या मिनिटाला दुकानदार चाचा आणि अप्पा कॅसेटींच्या जमान्याबद्दल असे बोलायला लागले की जणू एका ताटात जेवले होते. चाचांनी माळ्यावरून एक खोका काढला, फुंकर मारली. "आखरी पीस है अप्पा. अब कौन देखता जी ये." अप्पांनी तिथंच डिस्क लावायला सांगितली. तीन सेकंदांची ती पंगत चाचांनी अकरा वेळा दाखवली. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, त्यांनाही अप्पांनी विचारलं, साफ दिसायलंय का. त्यातला एक म्हणाला, "किनारी जरा बऱ्या वाटायल्यात." अप्पांनी खोका उचलला. निघताना चाचांनी अप्पांना चहा पाजला. माझा कप नंतर आला, आठवण झाल्यावर.

कॉलनीत बातमी पसरली की अप्पांनी नांदेडहून असं यंत्र आणलंय की जुनं लग्न नवं होतं. मी तडक अप्पांकडं गेलो. म्हणालो, "असं नाही चालणार. रीतसर प्रयोग करू. टीव्ही तोच, डिस्क तीच. आधी जुना प्लेअर, मग नवा. सगळ्यांनी बघून हात वर करायचे." अप्पा एकदम तयार झाले. म्हणाले, "येत्या रविवारी करू. माझी एक पाव्हनी बी यायलीय."

रविवारी सकाळी मी लवकर गेलो. जुना प्लेअर तीन रंगांच्या वायरींनी जोडला, नवा त्याच्या एका जाड वायरीनं. अप्पा चहा आणायला आत गेले आणि मी एकटा राहिलो. हातात रिमोट.

टीव्हीत प्रत्येक वायरीची सेटिंग वेगळी राहते, हे मला ठाऊक होतं. शार्पनेस म्हणून चित्राच्या कडा ठसठशीत करणारं जे असतं, ते अप्पांनी सगळीकडं शंभरावर नेऊन ठेवलेलं. साफ दिसायला पाहिजे ना. मी नव्या वायरीवर गेलो आणि शंभराचं शून्य केलं. म्हणजे नवं यंत्र पुळचट, मेणचट दिसणार. लोक म्हणणार, सर म्हणत होते तेच खरं. मुलांना कॉपी करताना पकडण्यात माझी हयात गेली आणि म्हातारपणी मी हे केलं. 

खोली भरली. सुशीला फिरली. जुन्या प्लेअरवर लग्न झालं, कोणी म्हणालं बरं हाय, कोणी म्हणालं नेहमीचंच हाय. मी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात पाहुणी आली. तिशी ओलांडलेली बाई, जीपच्या धुळीनं केस पांढरे झालेले, हातात शेंगांची पिशवी. जागा नव्हती म्हणून दाराशीच बसली.

अप्पा उठून उभे राहिले. "ही गोदा. आंगनवाडीत हाय, किल्लारीकडं. भूकंपात हिची आई गेली, बाप गेला, घरातली भांडी बी न्हाई राहिली. ही तवा चालायबी शिकली नव्हती. हिच्या काकीनं वाढवली. हिच्याकडं आईचा एक फोटू न्हाई. हाय ते एवढंच, माझ्या डिस्कमदी. भूकंपाच्या आदल्या उन्हाळ्यातलं लगीन. बायकांच्या पंगतीत खांबापासून तिसरी, हिरव्या लुगड्याची. काकीनं दावलं म्हनून कळलं. तोंड दिसत न्हाई. दरसाल नवं काही यंत्र आलं की मी हिला बोलवतो."

 अप्पांनी भिंग या हातातून त्या हातात घेतलं.

"तीनच सेकंदं का, ते बी सांगतो. गड्यांची पंगत मी निवांत घेतली. सरपंच, पाटील, समद्यांची तोंडं. बायकांची पंगत शेवटाला. तेवढ्यात कोणतरी मागून म्हनलं, बुंदी संपायलीय. मी सकाळधरनं उपाशी. मी कॅमेरा पळवला." अप्पा स्टुलावर बसले. "बुंदी मिळाली मला. द्रोनभर."

माझं काय झालं ते कसं सांगू.  रिमोट अप्पांच्या खिशात. मी म्हणालो, "अप्पा, एक मिनिट, मी जरा सेटिंग बघतो." ते म्हणाले, "बसा हो सर, किती खटपट करताव." मी पुन्हा उठलो तर सुमननं सदरा धरून खाली बसवलं. त्या पोरीनं एवढ्या लांबून यायचं, आणि मी तिच्या आईला शून्यावर नेऊन ठेवलेलं.

नवा प्लेअर सुरू झाला. पुढच्या रांगेतून आवाज आला, "हे तर मऊच वाटायलंय." दुसरं कोणी म्हणालं, "पयलंच बरं होतं." मला हवं होतं अगदी तेच लोक बोलत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. गडी जेवले. मिशा गेल्या. मग बायकांची पंगत आली आणि गेली.

दाराशी बसलेली गोदा म्हणाली, "मामा, परत लावा."

अप्पांनी परत लावली.

"थांबवू नका. चालू राहू द्या. परत लावा."

तिसऱ्यांदा लावली तेव्हा ती उभी राहिली. "मामा, तिच्या मांडीवर ती परात हाय म्हनायचो न्हवं आपन?"

"हाव. बुंदीची परात," अप्पा म्हणाले.

"ती परात न्हाई. लेकराचं डोस्कं हाय. आईनं डावा हात धरलाय त्याच्या डोळ्यांवर, बघा. तुमच्या लाईटीचा उजेड लागू नये म्हनून." तिनं शेंगांची पिशवी खाली ठेवली. "माझ्या आईला एकच लेकरू होतं, मामा."

आम्ही सगळ्यांनी बघितलं. तोंड नव्हतंच दिसत. तोंड त्या कॅमेऱ्यानं घेतलंच नव्हतं, ते कुठल्याही यंत्रातून येणार नव्हतं. पण हात होता. वर्षानुवर्षं शंभरावर ताणलेल्या कडांनी त्या डोक्याची परात करून टाकली होती. कडा मऊ झाल्या, बघणारी दाराइतकी लांब बसली, आणि परातीचं लेकरू झालं. अप्पा पडद्याला नाक लावून बसले म्हणून त्यांना ते कधी दिसलं नव्हतं. मी भिंगं शिकवलेला माणूस, पण मलाही कधी सुचलं नव्हतं.

अप्पांनी भिंग खाली ठेवलं आणि स्टूल उचलून गोदाच्या शेजारी, दारात नेऊन ठेवलं. तिथून दोघं बघत बसले. हात वर करायला कोणी सांगितलं नाही आणि कोणी केलाही नाही. माझी वही तशीच राहिली.

कॉलनीत त्यानंतर नांदेडच्या यंत्राचा जयजयकार झाला. दहा माणसं येऊन त्याला हात लावून गेली. आणि मी, आता लपवण्यात काय अर्थ, मी त्या यंत्रावर जळायला लागलो. श्रेय मागायचं तर चोरी कबूल करावी लागणार. अशी अडचण शत्रूवरही येऊ नये.

चौथ्या दिवशी दुपारी अप्पा माझ्याकडं आले. एकटेच. हातात भिंग. माझ्या पंचावन्न इंचीकडं बघत बसले, तो बंद होता.

"सर, त्या दिशी मी च्या आनायला आत गेलो तवा तुमी रिमोट घेतला होता. काकूनं दारातनं बघितलं."

मी म्हणालो, "अप्पा, मला तुमची जिरवायची होती." 

"त्ये ठावं हाय मला. तुमी पयल्या दिसापासनं जळायलाव." आवाजात राग नव्हता. घरातल्या माणसाची खोड सांगावी तसं बोलले. "मला बी तुमचा राग यायचा, सर. एवढं शिकलेला मानूस, रोज येऊन बसतोय, आन् एक दिस बी स्वतःहून सांगंना की अप्पा, असं करून बघा. जाऊ द्या ते. काल मी आनखी साफ करायला गेलो आन् समदं बिघडलं. लेकराची परत परात झाली. काय दाबलं होतं तुमी, ते लिहून द्या. गोदा दरसाल येती."

मी प्रयोगवहीचं एक पान फाडलं. सवयीनं वर 'साहित्य' लिहिलं, खाली 'कृती' लिहिलं. कुठलं बटन, मग कुठलं, शार्पनेस किती, बसायचं किती लांब, एकेक पायरी मोठ्या अक्षरात लिहिली. नोकरी संपल्यापासून माझ्या हातचं कुणाला काही लागलं नव्हतं. एक ओळ खोडून पुन्हा लिहिली.

अप्पांनी कागद घेतला, खिडकीकडं वळले, एक डोळा मिटला आणि ओळीवर भिंग धरलं. शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर साफ हाय, सर."

"खरं सांगा अप्पा," मी म्हणालो.

"तोंडदेखलं बोलत न्हाई मी," अप्पा म्हणाले. "चला आता. काकूनं सुशीला केलीय."